दमट हवेतली न्हाणी: लादी कोणती घ्यावी, सांधे कशाने भरावेत

अलिबाग, रत्नागिरी, मालवण, पणजी किंवा मुंबई, कुठेही बघा. जुलैत सकाळी अंघोळी आटोपल्या की न्हाणीची जमीन दुपारपर्यंत ओलीच राहते. सोलापुरात एप्रिलमध्ये तीच जमीन तासाभरात खडखडीत वाळते. लादी आणि ग्राउट (लाद्यांमधले सांधे भरायचा माल) निवडताना सगळ्यात आधी हा फरक लक्षात घ्यायला हवा. कोरड्या हवेत बांधकामातल्या बऱ्याच चुका ऊन आणि वारा भरून काढतात. किनारपट्टीवर पावसाळ्याचे चार महिने हवेतच इतका ओलावा असतो की सांध्यात शिरलेलं पाणी बाहेर पडायला वाव मिळत नाही. तिथेच बुरशी धरते, पांढरं फुटतं, वास येऊ लागतो आणि दोन-तीन वर्षांत खालच्या घराच्या छताला ओल दिसते.

बहुतेक घरांत निवडीचा क्रम उलटा असतो. आधी दुकानात जाऊन भिंतीची लादी पसंत करायची, मग तिला शोभेल अशी जमिनीची, आणि ग्राउटचा विषय शेवटच्या दिवशी मिस्त्री काढतो: "साहेब, जॉइंटला व्हाइट सिमेंट भरू ना?" माझं आग्रहाचं सांगणं आहे की सुरुवात जाळीपासून करा. पाणी कुठून जाणार हे ठरलं की ढाळ, म्हणजे जमिनीचा उतार, ठरतो, ढाळावरून लादीचा आकार ठरतो, आकारावरून सांधे किती येणार ते कळतं आणि सांधे किती यावरून ग्राउटवर किती खर्च करायचा ते कळतं. रंग आणि नक्षी यानंतर.

## आधी जाळी, मग ढाळ

आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये नाहणी ट्रॅप (जाळीखालचं, पाणी वाहून नेणारं भांडं) बहुधा भिंतीलगत किंवा कोपऱ्यात असतो. ही सोय आहे, कारण जमिनीला एका किंवा दोन दिशांनी ढाळ दिला की काम भागतं. ट्रॅप मधोमध असेल तर चारही बाजूंनी ढाळ द्यावा लागतो आणि मोठ्या लाद्या तिरक्या कापाव्या लागतात. नवीन बांधकाम असेल आणि जागा ठरवणं तुमच्या हातात असेल, तर ट्रॅप शॉवरखालच्या भिंतीलगत घ्या. भिंतीच्या पूर्ण लांबीची चॅनलसारखी जाळी बसवली तर एकाच दिशेचा ढाळ पुरतो आणि मोठी लादीही चालते. मात्र तिच्यात अडकलेले केस काढायला ती सहज उचलता आली पाहिजे.

ढाळ किती हवा? पाणी अंगावर घेतो त्या भागात साठास एक, म्हणजे ९०० मिलिमीटरला १५ मिलिमीटर. पन्नासास एक दिला तर १८ मिलिमीटर होतो, तोही चांगला. उरलेल्या न्हाणीत ऐंशीस एक पुरे. त्याहून कमी ढाळ कोरड्या हवेत खपून जातो, दमट हवेत लादीवर पाण्याचा पातळ थर तसाच बसून राहतो. फार जास्त ढाळही नको. वयस्कर माणसाचा पाय उतारावर अडखळतो आणि बादली-स्टूल डुगडुगतं.

मिस्त्रीला "ढाळ नीट काढ" एवढंच सांगून भागत नाही. लादी लावायच्या आधी भिंतीवर चारही कोपऱ्यांत पेन्सिलीने तयार जमिनीची उंची मारून घ्या, जाळीपाशी सर्वांत खाली, आणि प्रत्येक खूण पट्टीने मोजा. जाळीची कड शेजारच्या लादीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर खाली बसली पाहिजे. ती वर राहिली तर जाळीभोवती कायमचं डबकं होतं. बुरशीची पहिली काळी रेघ तिथेच उमटते.

## लादीखालचा थर

सिमेंटचं ग्राउट पाणी अडवत नाही, पाण्याचा वेग कमी करतं एवढंच. त्यामुळे थोडंफार पाणी लादीखाली जाणार हे धरूनच काम करायचं. खरी राखण वॉटरप्रूफिंगचा थर करतो.

इथे एक बारीक गोष्ट आहे. ती बऱ्याच ठिकाणी सुटते आणि दमट हवेत तिचीच किंमत मोजावी लागते. ढाळ फक्त वरच्या लादीला देऊन चालत नाही. वॉटरप्रूफिंगचा थर ज्या पृष्ठभागावर बसतो त्यालाही जाळीकडे ढाळ हवा. तो सपाट असेल तर सांध्यातून उतरलेलं पाणी लादी आणि वॉटरप्रूफिंग यांच्यामध्ये सिमेंटच्या मसाल्यात साचून राहतं. वरून जमीन कोरडी दिसते, पण काही महिन्यांनी सांध्यांतून पांढरी भुकटी वर येते आणि कुबट वास सुटतो. मग ग्राउटला दोष दिला जातो, आणि ग्राउट कितीही वेळा बदललं तरी वास जात नाही.

कामाचा क्रम असा ठेवा. नळाच्या आणि ट्रॅपच्या पाइपांभोवतीची भोकं न आक्रसणाऱ्या ग्राउटने घट्ट भरा. कोबा किंवा स्क्रीड (लादीखालचा सिमेंट-वाळूचा थर) ढाळासकट करा. भिंत आणि जमीन मिळते त्या कोपऱ्यात मसाल्याची गोलाई काढा, म्हणजे तिथे वॉटरप्रूफिंगला चीर पडत नाही. मग पॉलिमर आणि सिमेंटचं दोन घटकांचं कोटिंग मारा, एकावर एक दोन हात म्हणजे दोन थर, दुसरा पहिल्याला आडवा. कोपऱ्यांत आणि ट्रॅपच्या तोंडाशी फायबरची जाळी दाबून बसवा. हे कोटिंग भिंतीवर किमान फूटभर वर न्या, शॉवरच्या भिंतीवर डोक्याच्या उंचीपर्यंत. पावसाळ्यात दोन हातांमध्ये डब्यावर लिहिलेल्यापेक्षा जास्त वेळ जाऊ द्या. बोट टेकवून चिकट लागलं तर अजून वाळलेलं नाही.

कोटिंग पूर्ण वाळलं की ट्रॅपचं तोंड बंद करून पाणी भरून ठेवा, निदान ४८ तास. पाण्याची पातळी भिंतीवर पेन्सिलीने मारून ठेवा आणि खालच्या घरात जाऊन छत बघून या. सोसायटीत गळतीवरून वर्षानुवर्षं अबोला धरलेली घरं असतात. हे दोन दिवस वाचवण्यासारखे नाहीत. ही चाचणी झाल्याशिवाय लादीचा एक तुकडाही लावू देऊ नका.

## लादीचा प्रकार कसा ओळखायचा

लादी पाणी किती पिते, हा पहिला प्रश्न. पोर्सिलेन किंवा विट्रिफाइड लादी वजनाच्या ०.५ टक्के किंवा त्याहून कमी पाणी शोषते. साधी सिरॅमिक लादी त्याहून बरंच जास्त शोषते आणि भिंतीच्या लाद्या तर १० टक्क्यांच्याही पुढे जातात. त्यामुळे भिंतीची लादी जमिनीवर कधीच लावायची नाही, दुकानदाराने कितीही सवलत दिली तरी. किनारपट्टीवर जमिनीसाठी विट्रिफाइडच घ्या. नगर, सोलापूर, लातूरकडच्या हवेत जमिनीसाठी बनवलेली चांगली सिरॅमिक लादी चालून जाते.

खोक्यावरच्या मजकुराची खात्री घरीच करता येते. एक कोरी लादी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा. ३०० × ३०० मिलिमीटरची, ८ मिलिमीटर जाडीची लादी साधारण दीड किलो भरते. ती २४ तास पाण्यात बुडवा, पुसा, पुन्हा वजन करा. सात-आठ ग्रॅमपर्यंत वाढ झाली तर विट्रिफाइड असल्याचा दावा पटण्यासारखा आहे. पन्नास-साठ ग्रॅमने वाढली तर तो माल न्हाणीच्या जमिनीसाठी नाही. प्रयोगशाळेत ही चाचणी याहून कडक असते, पण फसवा माल या साध्या रीतीनेही उघडा पडतो.

विट्रिफाइडमध्येही प्रकार आहेत. पॉलिश केलेली चकचकीत जीव्हीटी (वर ग्लेझचा थर असलेली विट्रिफाइड) आणि डबल चार्ज (रंगाचे दोन थर दाबून बनवलेली) लादी दिवाणखान्यासाठी. न्हाणीसाठी मॅट पृष्ठभागाची जीव्हीटी किंवा फुल बॉडी लादी घ्यायची. फुल बॉडीत रंग आरपार एकच असतो. लोखंडी बादली आपटून टवका उडाला तरी डाग डोळ्यात भरत नाही. ज्या घरात न्हाणीतच कपडे आपटून धुतात आणि पितळी घंगाळ सरकवतात, तिथे मी फुल बॉडीच सुचवते.

खोकी उतरवून घेताना सगळ्यांवर एकच बॅच आणि एकच शेड नंबर आहे ना ते तपासा. एकूण क्षेत्रफळापेक्षा दहा टक्के माल जास्त घ्या आणि काम झाल्यावर चार-सहा लाद्या माळ्यावर ठेवा. तीन वर्षांनी पाइप फुटला तर तोच डिझाइन बाजारात मिळण्याची आशा धरू नका.

दगडाबद्दल थोडंसं. शहाबाद, कोटा आणि कडप्पा हे तिन्ही चुनखडीचे दगड. आपल्या जुन्या मोऱ्या त्यांच्याच होत्या आणि खरखरीत शहाबादीची पकड आजही चांगली वाटते. पण ते पाणी शोषतात, ॲसिडने जळतात आणि पॉलिश केलेला कोटा साबणाच्या पाण्यात धोकादायक निसरडा होतो. दगडच हवा असेल तर फ्लेम फिनिशचा ग्रॅनाइट घ्या. तो खरखरीत असतो, सौम्य ॲसिड सोसतो आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. संगमरवर शॉवरखाली नको.

## पाय घसरू नये म्हणून

"अँटीस्किड आहे" हे दुकानातलं वाक्य पुरेसं नाही. आकडा विचारा. लाद्यांच्या माहितीपत्रकात आर९ ते आर१३ अशी श्रेणी असते. हा जर्मन मानकाचा आकडा आहे, आणि ती चाचणी पायात बूट घालून, तेल लावलेल्या उतारावर होते. आपण न्हाणीत अनवाणी असतो. अनवाणी पायांसाठी त्याच देशाचं वेगळं मानक आहे, साबणाच्या पाण्यावर चालून केलेलं, त्याच्या श्रेणी ए, बी आणि सी. शॉवरसाठी बी श्रेणी मागा. माहितीपत्रकात ती नसेल तर आर१० किंवा आर११ वर थांबा. आर९ शॉवरखाली कमी पडते.

आर१२ आणि आर१३ का नको? त्या कारखान्यांसाठी असतात. त्यांच्या खडबडीत पृष्ठभागात साबणाचा थर, अंगाचा मळ आणि तेल रुतून बसतं, घासूनही निघत नाही, आणि दमट हवेत त्याच थरावर बुरशी पोसली जाते. काही महिन्यांनी हा थर इतका जमतो की मूळची पकडही जाते.

दुकानात आणखी एक परीक्षा करा. नमुन्याची लादी जमिनीवर ठेवायला सांगा, तिच्यावर पाणी आणि साबणाचे दोन थेंब टाका, चप्पल काढून उभे राहा आणि टाच हलकेच सरकवून बघा. घरात ज्येष्ठ असतील तर त्यांना शक्य होईल तेव्हा सोबत न्या, लादी त्यांच्या पायाला पटली पाहिजे. मग त्याच लादीवर थोडी हळद किंवा काळं बूटपॉलिश चोळा, दहा मिनिटांनी पुसा. डाग सहज निघाला नाही तर ती लादी सोडा. आपल्याकडे न्हाणीत खोबरेल, उटणं, मेंदी, हळद, केसांचा कलप सगळंच सांडतं. दिवाळीच्या पहाटे अभ्यंगाचं तेल सगळ्या जमिनीवर पसरतं आणि घरातल्या प्रत्येकाची अंघोळ त्याच तेलकट लादीवर होते. लादी त्या सकाळी सुरक्षित राहील का, हा माझ्या मते खरा निकष आहे.

## आकार

लहान लादी ढाळावर नीट बसते आणि तिचे सांधे पायाला पकड देतात. मोठ्या लादीला सांधे कमी येतात, पण दोन दिशांच्या ढाळावर ती एका कोपऱ्यावर उचललेली राहते. ६०० × ६०० ची लादी कोपऱ्यातल्या ट्रॅपसाठी तिरकी कापल्याशिवाय बसत नाही. नवशिका कारागीर ती न कापता बसवतो आणि मग पाणी जाळीऐवजी दाराकडे जातं.

चार बाय सहा फुटांच्या नेहमीच्या न्हाणीसाठी माझी पसंती ३०० × ३०० ला आहे. शॉवरच्या तीन बाय तीन फुटांच्या चौकात हवी तर तीच लादी कापून १५० × १५० चे तुकडे लावावेत. कापलेल्या कडा पॉलिश पेपरने घासून बोथट करायला सांगा, नाहीतर पायाला लागतात. मागे जाळीदार कापडावर चिकटवून येणाऱ्या ५० मिलिमीटरच्या मोझॅकची पकड उत्तम असते, पण सांधे फार येतात. ३ मिलिमीटर सांधा धरला तर ३०० च्या लादीला चौरस मीटरमागे साधारण पाव किलो ग्राउट लागतं, तर ५० च्या मोझॅकला सव्वा किलोच्या आसपास. म्हणजे ओल धरण्याची जागा चौपटीहून जास्त. मोझॅक घेणार असाल तर इपॉक्सी ग्राउटशिवाय घेऊ नका. नदीतल्या गोट्यांची जमीन मात्र दमट गावात टाळाच. गोट्यांपेक्षा ग्राउटच जास्त दिसतं आणि पाणी प्रत्येक खोबणीत थांबतं.

## लादी बसवणं

जुन्या पद्धतीत सुक्या मालावर सिमेंटची रबडी ओतून लादी ठोकतात. विट्रिफाइड लादी जवळजवळ पाणी शोषत नाही म्हणून ही रबडी तिला नीट धरत नाही. काही वर्षांनी लादी पोकळ वाजायला लागते आणि त्या पोकळीत पाणी साचतं. त्यामुळे टाइल ॲडेसिव्ह वापरा. आयएस १५४७७ या भारतीय मानकातला टाइप २ किंवा त्यावरचा, पिशवीवर तसं छापलेलं असतं.

ॲडेसिव्ह दातेरी थापीने एकाच दिशेच्या रेघांत पसरायचं, लादीच्या पाठीलाही पातळ हात द्यायचा आणि लादी दाबून किंचित सरकवायची. चार कोपऱ्यांत चार गोळे लावून लादी चिकटवायची सवय भिंतीवर वाईट आणि शॉवरच्या जमिनीवर त्याहून वाईट. ओल्या जागेत लादीच्या पाठीचा ९५ टक्के भाग भरलेला हवा. सुरुवातीच्या दोन-तीन लाद्या लावल्या लावल्या उचलायला सांगा आणि पाठ बघा, म्हणजे पुढचं काम कसं होणार ते कळेल. दुसऱ्या दिवशी प्रत्येक लादीवर नाण्याने टकटक करा. पोकळ आवाज आला तर ती ग्राउट भरण्याआधी बदलून घ्या, नंतर कोणी हात लावत नाही.

सांधा किती ठेवायचा यावर बरेच वाद होतात. लादीला लादी भिडवून लावायची हौस अजून गेलेली नाही, कारण दिसायला ती एकसंध दिसते. पण बिनसांध्याच्या फटीत ग्राउट आत उतरत नाही, वरवर लिंपलं जातं आणि सहा महिन्यांत सुटतं. पाणी मात्र केसाएवढ्या फटीतूनही जातं. जमिनीवर ३ मिलिमीटरचे स्पेसर (लाद्यांमधलं अंतर सारखं ठेवणारे तुकडे) लावा. सरळ कापलेल्या रेक्टिफाइड लादीला २ चालतील, त्याखाली नाही.

## ग्राउट

व्हाइट सिमेंट भरलेले सांधे पहिलं वर्ष छान दिसतात. यामागे कारण आहे. नवं सिमेंट अतिशय अल्कधर्मी असतं, त्याचा सामू १२-१३ च्या घरात असतो आणि त्यावर बुरशी जगत नाही. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने तो हळूहळू उतरतो. सिमेंट सच्छिद्र, त्याच्या भोकांत पाणी, साबण आणि तेल मुरलेलं, हवा दमट. मग एखाद-दुसऱ्या पावसाळ्यानंतर काळे ठिपके दिसू लागतात. घासून वरचा थर जातो, मुळं आत राहतात. व्हाइट सिमेंट शॉवरच्या जमिनीसाठी सरळ नाकारावं असं माझं ठाम मत आहे.

उरतात दोन पर्याय.

पहिला, पॉलिमर मिसळलेलं सिमेंट ग्राउट. माहितीपत्रकात सीजी२ असं लिहिलेलं आणि पुढे डब्ल्यू हे अक्षर असलेलं घ्या. डब्ल्यू म्हणजे पाणी कमी शोषणारं. पाण्याऐवजी त्याच कंपनीचं लॅटेक्स घालून कालवलं तर अधिक घट्ट होतं. वाळल्यावर आत मुरणारं सीलर लावावं लागतं आणि ते दर एक-दोन वर्षांनी पुन्हा लावावं लागतं. ज्या घरात न्हाणीला मोठी खिडकी आहे आणि दिवसात दोन-तीनच अंघोळी होतात, तिथे हे पुरतं.

दुसरा, इपॉक्सी ग्राउट. यात रेझिन, हार्डनर आणि भरणाची पावडर असे तीन भाग येतात आणि पाणी अजिबात घालायचं नसतं. ही खूण लक्षात ठेवा, कारण डब्यातून येणारं कुठलंही महागडं ग्राउट "इपॉक्सीच आहे" म्हणून खपवलं जातं. कालवताना पाणी लागलं तर ते सिमेंटचं आहे. इपॉक्सी जवळजवळ पाणी पीत नाही, हळद-तेलाचे डाग धरत नाही, बुरशीला आत शिरायला वाट देत नाही. किंमत सिमेंट ग्राउटच्या कित्येक पट आहे आणि भरण्याची मजुरीही जास्त. पण शॉवरचा चौक तो केवढा? सगळ्या न्हाणीला परवडत नसेल तर पाणी पडतं तेवढी जमीन आणि भिंतीचा खालचा फूटभर भाग इपॉक्सीने भरा, बाकी ठिकाणी पॉलिमर ग्राउट चालेल. लादी चौरस फुटामागे थोडी स्वस्त घ्या आणि तो पैसा इथे घाला.

दोन गोष्टी इपॉक्सीबद्दल सांगायलाच हव्यात. ऊन थेट पडत असेल तर पांढरं इपॉक्सी पिवळं पडतं, तिथे राखाडी घ्या. आणि इपॉक्सी भरलं म्हणून वॉटरप्रूफिंगची गरज संपत नाही. इमारत हलते, कोपरे हलतात.

म्हणूनच भिंत आणि जमीन मिळते तो सांधा, लादीत पाइपाभोवती राहणारी फट आणि उंबऱ्याची कड इथे कुठलंच ग्राउट भरायचं नाही. तिथे बुरशीरोधक सॅनिटरी सिलिकॉन भरायचं. दगड असेल तर न्यूट्रल प्रकारचं घ्या, कारण व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन चुनखडीच्या दगडाला खातं.

## इपॉक्सी भरण्याचा दिवस

लादी लावल्यावर किमान २४ तास जाऊ द्या, पावसाळ्यात दोन-तीन दिवस. सांध्यात वर आलेलं ॲडेसिव्ह पात्याने खरवडून काढा, सांधा लादीच्या जाडीच्या निदान दोन तृतीयांश खोल मोकळा हवा. ब्रशने धूळ काढा. सांधे पूर्ण कोरडे हवेत. ओल्या सांध्यात इपॉक्सी धरत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये काम चाललं असेल तर आदल्या रात्री पंखा लावून ठेवा आणि सांध्यात टिश्यू पेपरची घडी दाबून बघा, ओली झाली तर थांबा. मिस्त्रीची घाई इथे ऐकू नका.

पुडी अर्धी करून अंदाजाने कालवायची नाही, कारण प्रमाण चुकलं तर ग्राउट कधीच घट्ट होत नाही. लहान पुड्या घ्या आणि एकेक पूर्ण कालवा. ते वाढवण्यासाठी व्हाइट सिमेंट मिसळणारे कारागीर आहेत, समोर बसून कालवून घ्या. कालवलेलं इपॉक्सी साधारण पाऊण तास काम देतं, मे महिन्यात त्याहून कमी. हातमोजे सगळ्यांनी घालायचे, हार्डनर कातडीला बाधतो.

रबरी थापीने सांध्याला तिरकं दाबत भरायचं, सांधा तळापर्यंत भरला पाहिजे. भरून झाल्यावर जास्तीचं लगेच ओढून काढायचं आणि पंधरा-वीस मिनिटांत किंचित ओल्या पांढऱ्या स्क्रबने गोल हात फिरवून लादी पुसायची. पाणी फार घेतलं तर सांधा खोल जातो. मॅट लादीवर इपॉक्सीचा अंश वाळला तर निघता निघत नाही, त्यामुळे एका वेळी दीड-दोन चौरस मीटरच घ्या. दुसऱ्या दिवशी दमट हवेमुळे सांध्यांवर चिकट पांढुरका थर दिसला तर कोमट पाणी आणि सौम्य साबणाने तो पुसून टाका. चालायला २४ तास, शॉवर सुरू करायला सात दिवस.

सिमेंट ग्राउट भरत असाल तर उलट काळजी घ्यायची. पाणी पिशवीवरच्या मापापेक्षा थेंबभरही जास्त नको, नाहीतर रंग ठिगळासारखा उठतो आणि सांधा ठिसूळ होतो. भरल्यानंतर दोन-तीन दिवस हलकं पाणी मारत राहा.

## रंग

आपल्या पाण्याचा आणि मातीचा रंग बघून ठरवा. कोकणात जांभ्याची लाल माती पायाला लागून आत येते आणि काही विहिरींच्या पाण्यात लोहही असतं. तिथे पांढरं ग्राउट वर्षभरात तांबूस होतं. बदामी, मातकट किंवा मध्यम राखाडी घ्या. बोअरचं जड पाणी असेल तर काळी लादी आणि काळं ग्राउट टाळा, क्षारांचे पांढरे ओघळ दर आठवड्याला दिसतील. लादीहून एक छटा गडद ग्राउट बहुतेक घरांत चांगलं दिसतं.

## निगा

अंघोळ झाली की वायपर मारणं आणि एक्झॉस्ट फॅन वीसेक मिनिटं चालू ठेवणं, ही दोन कामं कुठल्याही रसायनापेक्षा जास्त उपयोगी. दार थोडं किलकिलं ठेवा, बाहेरून हवा आत आली नाही तर फॅन काय ओढणार?

बाजारात मिळणारं बाथरूम ॲसिड आणि संडास साफ करायचं लिक्विड यांत हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ते सिमेंटचं ग्राउट विरघळवतं. सांधा स्वच्छ दिसतो कारण त्याचा वरचा थर गेलेला असतो, आणि उघडी पडलेली भोकं पुढच्या वेळी अधिक मळ धरतात. रोजच्यासाठी भांड्याचा सौम्य साबण आणि नायलॉनचा ब्रश पुरतो. बुरशीचे ठिपके आले तर ब्लीच पाण्यात पातळ करून दहा मिनिटं ठेवा आणि भरपूर पाण्याने धुवा. ब्लीच आणि ॲसिड एकत्र कधीही वापरू नका, एकापाठोपाठही नाही. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीत तो जीवघेणा ठरू शकतो. कामाला येणाऱ्या मावशींनाही हे समजावून सांगा. ओझं त्यांच्या फुप्फुसांवर पडतं.

इपॉक्सीवरही कधी गुलाबीसर बुळबुळीत थर दिसतो. ती बुरशी नसते, साबणाच्या थरावर वाढणारे जिवाणू असतात. साबणाने घासला की जातो.

## जुनी न्हाणी असेल तर

सगळं फोडण्याआधी तपासा. लाद्या घट्ट आहेत, नाण्याचा आवाज भरीव आहे, खालच्या छताला ओल नाही आणि फक्त सांधे काळे पडलेत, तर जुनं ग्राउट यंत्राने किंवा हातपात्याने दोन तृतीयांश खोलीपर्यंत काढून इपॉक्सी भरून घ्या. त्यासाठी न्हाणी आठवडाभर बंद ठेवून पूर्ण वाळू द्यावी लागते, म्हणून हे काम फेब्रुवारी ते मेमध्ये काढा. कोपऱ्यांतलं जुनं ग्राउट काढून तिथे सिलिकॉन.

लाद्या पोकळ वाजत असतील, सांधे कोरडे असताना पांढरी भुकटी परत परत येत असेल किंवा खाली छताला डाग असेल, तर वरून इपॉक्सी भरणं म्हणजे आत साचलेलं पाणी कोंडून ठेवणं. तेव्हा लादी काढून ढाळ आणि वॉटरप्रूफिंगपासून सुरुवात करावी लागते. आधी नळाची आतली लाइन दाबावर तपासून घ्या. बऱ्याचदा गळती भिंतीतल्या पाइपाच्या सांध्याची असते आणि जमीन विनाकारण फोडली जाते.